तंबूतला आवाज

लातूर, ५ एप्रिल १९४८

शरणप्पांच्या सिनेमाच्या तंबूतला भोंगा जळाला! बोलपट बंद. म्हणून त्यांनी पेटीतून जुना मुका सिनेमा काढलाय – जुलमी राजाचा. लग्न झालं त्या साली हाच पाहिला होता. तेव्हा हे पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगायचे. राजा, राणी, घोडासुद्धा – सगळ्यांचं बोलणं एकटे हेच! आता कापडदुकानात कापड फाडतात.

मी म्हटलं, जाऊ या. "दिवस बरे न्हाईत," म्हणाले. खरंच हाय ते – पोलीस रोज कुणाला तरी उचलून नेऊन राहिले. पण यांचे डोळे कसे चमकले!

६ एप्रिल

घात झाला.

काल हे पुरुषांत, मी बायकांच्या कनातीआड. पडद्यावरची अक्षरं उर्दूत. शेजारच्या नीलाबाईला कुठली उर्दू? ती ओरडली, "अगं बाई, काय म्हणून राहिला राजा?" – आणि अंधारातून यांचा आवाज! इतक्या वर्षांनी! मी वेडी, खूश होऊन ऐकत बसले.

शेवटी राजा गादीवरून पडतो. पूर्वी तिथं हे म्हणायचे, "देवा, क्षमा कर." काल म्हणाले, "उतर, सरकार! रयत आली!"

सरकार म्हणजे आपल्या संस्थानाच्या गादीवर बसलेले, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मग अशा टाळ्या, की मला धडकीच भरली. दिवा लागला तेव्हा हे मान खाली घालून बसले होते, बाकीच्यांसारखे.

७ एप्रिल

ठाण्यातून विचारणा – आवाज कुणाचा? "अंधार होता, साहेब," सगळे हेच सांगून राहिले.

यांनी तोंडच बंद केलंय. घसा बसला म्हणून गळ्याला फडकं, गिऱ्हाइकाशी खुणा. घरातसुद्धा चकार शब्द न्हाई! मी चिडले, रडले. हे नुसते बघतात.

९ एप्रिल

दाराशी बूट वाजले. थांबले. पुढं गेले.

१० एप्रिल

शरणप्पांना धरलं! तंबू तुझा, तर आवाजही तुझाच म्हणे. त्यांची बायको कमलम्मा आली. यांच्याकडं बघत उभी राहिली. तिला ठाऊक हाय.

यांनी ताट सरकवलं. देवा, यांना गप्पच ठेव. वाईट हाय मी, पण हेच मागते.

११ एप्रिल

सकाळी यांनी गळ्याचं फडकं सोडून माझ्या हातात दिलं. ठाण्याच्या वाटेला लागले – आणि भर चौकात, लख्ख उजेडात, तोच आवाज: "उतर, सरकार! रयत आली!"