मोठ्या टाळ्या

१४ ऑक्टोबर, सोमवार

“हे जसंच्या तसं दाखवाल ना, पोरी?” बात्मा आजींनी गाडीपाशी येऊन विचारलं. मी नुसती मान हलवली. ती ‘हो’ म्हणून हलवली की ‘नाही’ म्हणून, ते त्यांनाही कळलं नसेल.

बातमीसाठी कारा-बुलुंग गावी गेलो होतो – मी आणि आमचा कॅमेरावाला मेलिस. तिथला दवाखाना बंद करायचं घाटतंय. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट, एक नर्स. पण थंडीत खिंड बंद झाली की गावाला तेवढंच. जिल्ह्याचा प्रमुख, आकिम, स्वतः सांगायला आला होता. कागदावरून वाचलं – ‘आरोग्यसेवा जिल्ह्याच्या ठिकाणी अधिक सक्षम करण्यात येत आहे.’ वाचून झालं आणि थांबला. टाळ्यांसाठी थांबतात तसा.

कुणीच वाजवल्या नाहीत. अख्खं गाव शाळेच्या हॉलमध्ये बसलेलं, आणि आवाज फक्त शेगडीचा. बात्मा आजींनी दोन्ही हात शालीत ओढून घेतले. आकिमने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मेलिसने कॅमेरा बंद केला नाही. परतताना म्हणाला, “इतक्या वर्षांत असलं काही घेतलं नव्हतं बुवा मी!”

१५ ऑक्टोबर

संकलन करणारी ज़िपारा गेल्या आठवड्यात बाळंतपणाला गेली, तेव्हापासून बातम्या वाचायच्याही मीच आणि जोडायच्याही मीच. आमचे संपादक सोवेतबेक बाइके मागे येऊन उभे राहिले.

“हे काय? मयताला बसल्यासारखे बसलेत सगळे. टाळ्या टाक.”

“कुणी वाजवल्याच नाहीत, बाइके.”

“म्हणून तर टाक म्हणतोय! वाजवल्या असत्या तर तुला कशाला सांगितलं असतं?” मग जरा मऊ होऊन – “दोन फाइली आहेत, बुरुल. मोठ्या टाळ्या आणि मधल्या टाळ्या. आकिम असला की मोठ्या. सामूहिक शेतीच्या जुन्या चेअरमनला मधल्या चालतात.”

हेडफोन लावला. मोठ्या टाळ्या. आधी एका पुरुषाची आरोळी – “बारकेल्देऽऽ!” – आणि मग टाळ्यांचा पाऊस.

बाबा.

‘शाबास’ असं ओढून दुसरं कुणी म्हणत नाही. लांबच्या कुरणातल्या घोड्याला हाक मारावी तसा शेवटचा स्वर. मी पुन्हा ऐकलं. बाबाच. जानेवारीत गेलेले माझे बाबा, आकिमला शाबासकी देताहेत.

आवाजाची पातळी नीट केली. साडेसहाला ‘खोऱ्याचा आवाज’ लागला. बातम्या वाचल्या. कुठेही अडखळले नाही.

१६ ऑक्टोबर

काही वाटत नाही. दोन्ही वेळा जेवले.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आईने कणकेचे बोरसोक तळले. गुरुवारी तळतेच – तळणीचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणे. खिडकी किलकिली ठेवते, त्या वासाला वाट म्हणून.

साडेसहाला हात पुसून टीव्हीसमोर बसली. मी लवकर घरी होते, आजच्या बातम्या आधीच भरून ठेवलेल्या. आज कोमुझवादकांची स्पर्धा, रस्त्याचं डांबर, याकचा बाजार. आई उठली. “आज आकिम नाही?”

आई! जिला जिल्ह्याच्या आकिमचं नाव धड सांगता येत नाही! मला वाटायचं, रोज मला बघायला बसते.

“तुला आकिम कशाला हवा?”

तिने थंड झालेल्या चहात बोरसोक बुडवला. “आकिम असला की तोही येतो ना. तुला नाही ऐकू येत?”

फेब्रुवारीपासून. फेब्रुवारीपासून ती ऐकते आहे. मला सांगितलं नाही, कारण – “तू तिथे काम करतेस. मला वाटलं, तूच आणत असशील.”

आमच्याकडे बाबांचे फोटो आहेत. आवाज कुठेच नाही. कुणाला सुचलंच नाही.

१९ ऑक्टोबर

बाजारात बात्मा आजी. मला वाटलं रागावतील. त्या हसल्या, ते वाईट.

“ये गं, टीव्हीवाली! सून काय म्हणाली माहीत आहे? ‘आई, दवाखाना चालला म्हणून एवढ्या टाळ्या? आता पोट दुखलं तर टाळ्याच वाजवा!’ मी म्हटलं, अगं, माझे हात शालीत दिसताहेत की! तर म्हणते, ‘मग वाजवल्या कुणी?’ सांग बाई, कुणी वाजवल्या?”

मी जर्दाळूंचा भाव विचारला.

त्या मागे आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, गावाने राजधानीला, बिश्केकला अर्ज केलाय. तिथला निर्णय महिनाअखेर. पण आकिमच्या ऑफिसातून उत्तर गेलंय की लोकांनी सभेत स्वागत केलं, टीव्हीवर पाहून घ्या. आणि तुमचा शनिवारचा आठवड्याचा भाग तर बिश्केकमध्येही लागतो. “माझी नात या थंडीत बाळंत होणार आहे,” म्हणाल्या. बाकी काही मागितलं नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सोवेतबेक बाइकेंशी बोलले. येत्या शनिवारच्या भागात ती सभा पुन्हा घ्यायचीच आहे, तर खऱ्या आवाजासकट दाखवू या म्हटलं. हे लोकांचं चॅनल आहे म्हटलं, लोकांच्या पैशावर चालतं. विद्यापीठात पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. माझा आवाज मलाच शाळेतला वाटला.

ते रागावले नाहीत. खणातून चॉकलेट काढून पुढे केलं. “बुरुल, टाळ्या खोट्या असतात हे शेंबडं पोरही जाणतं. आपण कुणाला फसवत नाही. लग्नात वधूची मावशी रडते, तसं. रडावं लागतं.”

“पण बिश्केकमध्ये त्या खऱ्या धरल्यात.”

“मग बिश्केक मूर्ख आहे. त्याला मी काय करू? माझी दोन वर्षं राहिलीत. मला गुपचूप मेंढ्यांकडे जाऊ दे.”

चॉकलेट खाल्लं. चव लागली नाही.

२३ ऑक्टोबर

टाळ्या कुठल्या ते आज आठवलं. बसमध्ये, उगाच.

सातवीत होते. शाळांची काव्यस्पर्धा, प्रांताच्या नाट्यगृहात. आमच्याच चॅनलने चित्रित केली होती. मी मधल्या कडव्यावर अडकले. पुढची ओळच नाही. नाट्यगृह गप्प, माझे पाय गार, आणि मागून कुठून तरी – “बारकेल्देऽऽ!” बाबांना वाटलं कविता संपली! त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला आणि आत पळाले. अर्धी कविता म्हणून तिसरा नंबर. घरी अजून थट्टा होते – बर्फ काढायच्या यंत्रावर आयुष्य गेलेला माणूस, त्याला कविता कुठे संपते ते काय कळणार!

संध्याकाळी आईला म्हटलं, त्या टाळ्या तेव्हाच्या आहेत गं. बाबांची ती चूक.

आई मेंढीचं दूध गाळत होती. मान वर केली नाही. “कसली चूक? तीच कविता तू महिनाभर गोठ्यात घोकत होतीस. त्याला ती तुझ्याआधी पाठ झाली होती.”

मी दुधाचं भांडं सरळ धरलं.

“तुझं तोंड पांढरं पडलेलं दिसलं त्याला. म्हणून ओरडला.”

गाळणं झटकलं. मग विचारलं – “शनिवारी आकिम आहे का?”

“आहे,” म्हटलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बोरसोक. खिडकी किलकिली.

ती एक शांतता बाबांनी झाकली, माझ्यासाठी. तीच टाळी आता दुसरी शांतता झाकते. हे मी कागदावर मांडून बघितलं. मांडल्यावरही रडू येत नाही. माझ्यात काहीतरी गोठलंय, आणि त्यावर चालत ऑफिसला जाता येतं.

तो आवाज काढला, तर आईचा साडेसहाचा माणूस जाईल. ठेवला, तर बात्मा आजींच्या नातीची खोली जाईल. आणि बाबा रोज कुणाकुणाला शाबासकी देत राहतील – ज्याला आयुष्यात कधी दिली नसती, त्यालाही.

२५ ऑक्टोबर

मेलिसला विचारलं, सभेचं मूळ चित्रण अजून आहे? तो म्हणाला, “पुसायला सांगितलं होतं.” मग कान खाजवला. “माझ्या लक्षातच राहत नाही बघ काही.”

२६ ऑक्टोबर, शनिवार

शनिवारचा भाग लागला. आकिम थांबतो. शेगडी. शालीतले हात. घडी, पुन्हा घडी. बिश्केकमध्येही लागला. मोठ्या टाळ्यांची फाइल मशीनवरून सकाळीच पुसली होती. त्याआधी सुरुवातीची आरोळी तेवढी कापून फोनमध्ये घेतली – बाबा सगळ्यांच्या आधी ओरडले होते, त्यामुळे त्यांच्या आवाजावर एकही टाळी नाही. आई शेवटपर्यंत बसली आणि म्हणाली, “आज नाही आला.” मी फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणते, पुन्हा लाव. पुन्हा लावते आहे. सोवेतबेक बाइकेंचे फोनवर फोन येताहेत, त्यामुळे बाबा मध्येच तुटतात.