अकरा पेनल्टी कॉर्नर आणि एक फितूर

४ एप्रिल
अठरापैकी सोळा मॅचेस जिंकलेली आमची हॉकी टीम प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत घरी. ०-३. तेही आठव्या नंबरच्या टीमकडून. अकरा पेनल्टी कॉर्नर मिळाले, अकराही अडवले. बॉल कुठे मारायचा त्याचा इशारा मी बाकाजवळून बोटांनी करतो, तो फक्त कॉर्नर घेणाऱ्या चौघांना कळतो. तरी आमचा माणूस मारायच्या आधीच त्यांची पोरं त्या बाजूला हजर. म्हणजे इशारे फुटलेत. घरभेदी आपल्यातच आहे. कोच म्हणून माझी चूक शून्य.
शनिवारी कमिटी माझ्या कराराचं ठरवणार. त्याआधी फितूर पकडायचा.

५ एप्रिल
संशयित एक: गोलकीपर. सरावात रोज समोर उभा असतो, इशारे ओळखत असणार. हरल्यावर त्यांच्या कोचशी हसून बोलला.
संशयित दोन: फिजिओ. त्याच्या टेबलावर पालथी पडली की पोरं काय वाट्टेल ते बोलतात.
संकल्प: कोणावर ओरडायचं नाही. थंड डोक्याने तपास.

६ एप्रिल, सकाळी ७
गोलकीपरवर ओरडलो. सुरुवात त्याने केली. गुड मॉर्निंग म्हणाला, पण आवाजात काहीतरी होतं. म्हणे त्या कोचची मुलगी आणि त्याची मुलगी एका वर्गात आहेत, शाळेचं बोलत होते. उत्तर अगदी तयार. खरा माणूस जरा तरी अडखळतो.

७ एप्रिल
सापळा लावला. चौघांना चार वेगवेगळे खोटे इशारे शिकवले, एकमेकांना सांगायचं नाही अशी तंबी दिली. जो बाहेर फुटेल त्याचा मालक चोर. संध्याकाळी ज्युनियर टीमशी मॅच. कॉर्नरला चौघे चार दिशांना पळाले, बॉल जागच्या जागी. कॅप्टन स्टिक टाकून बाकावर जाऊन बसला.
एकही इशारा फुटला नाही. फितूर भलताच मुरलेला दिसतो.

८ एप्रिल
बायकोला सगळं सांगितलं. ती प्रत्येक मॅचला येते, पण हॉकीतलं तिला ओ की ठो कळत नाही. म्हणाली, अहो, इशारा झाला की तुम्ही ज्या बाजूला सरकता, बॉल तिकडेच जातो की. शेजारच्या काकूसुद्धा बरोबर ओळखतात.
काकू कोणाकोणाशी बोलतात ते बघायला हवं.

९ एप्रिल
व्हिडिओ पाहिला. फक्त काकूंचा विषय मिटवायला.
अकरापैकी अकरा वेळा. एकदा तर पाण्याची बाटली लाथेने उडवून सरकलोय.
पुन्हा पाहिला. तेच. फार लाज वाटली. गोलकीपरला फोन लावला आणि तो उचलायच्या आत ठेवून दिला.

१० एप्रिल
कमिटीला सांगितलं, कसून चौकशी केली, टीममधला एकही खेळाडू दोषी नाही. फिजिओसुद्धा नाही. सेक्रेटरींना फार बरं वाटलं. म्हणाले, मग टीम आहे तशीच ठेवू, फक्त कोच बदलू.
दुपारी कपाट रिकामं करून खोकं भरत होतो तर दारात गोलकीपर. विचारत होता, सर, सापडला का तो? म्हटलं, सापडला, आजच काढला त्याला. त्याने खोक्याची दुसरी बाजू धरली.