बाटलीची बेंबी

नास, ४ जून २०१७

ती. सौ. वहिनीस,
अस्मिताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. आधी भांडण उरकते. तुझं अक्षर केवढं झालंय गं? एका ओळीत चार शब्द! पूर्वी कागदाच्या कडेलासुद्धा ओळी कोंबायचीस. फोन सगळ्यांचा आणि पत्र आपल्या दोघींचं, हा मी हॉस्टेलवर गेले तेव्हाचा नियम तुझाच आहे. मग पत्र भरलेलं नको का?

इकडे सगळं ग्रँड. इथे सर्दीपासून लग्नापर्यंत सगळं ग्रँडच असतं. शनिवारी सकाळी पियूष भार्गवीला पोहायला नेतो. तुझी भाची सहा वर्षांची झाली. मी मराठीत ओरडते आणि ती इंग्रजीत, इथल्या हेलात, मला शांत व्हायला सांगते. त्या मोकळ्या वेळात मी एक खूळ घेतलंय. हसू नकोस. मी फुटक्या बाटल्या ओळखायला शिकतेय.

गावाबाहेर कालव्याकाठी एक कुरण आहे. तिथे दोनशे वर्षांपूर्वी काचेचा कारखाना होता, आता गाई चरतात. इथल्या इतिहास मंडळाने परवाना काढून खणायला घेतलंय आणि ऊना नावाची पुरातत्त्वातली बाई आम्हा हौशी मंडळींना शिकवते. काळाकुट्ट तुकडा उजेडासमोर धरला की गर्द हिरवा निघतो. आतले बुडबुडे लांबट असले तर बहुतेक मानेचा तुकडा, गोल असले तर पोटाचा. मला आवडतो तो बुडाचा. बाटलीचं बूड लोखंडी दांड्याला चिकटवून धरायचं, तोंड घडवायचं आणि मग टिचकी मारून सोडवायचं. त्या जागी खोल, खरबरीत वण राहतो. ऊनाचा त्याला इंग्रजी शब्द आहे, मी बेंबी म्हणते. बेंबी दिसली की समजायचं, ही कुणीतरी हाताने धरून केलेली आहे.

आणि रंग! इतकी वर्षं ओल्या मातीत राहून काचेवर पापुद्रा धरतो. पावसाळ्यात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात ना, तसे रंग त्यात हलतात. काल धुकं होतं, पलीकडच्या गाईसुद्धा दिसत नव्हत्या, आणि माझ्या तळहातावर तेवढं मोरपिशी काहीतरी जागं होतं. मी कितीतरी वेळ तशीच उकिडवी बसून राहिले. गुडघे अजून दुखतायत.

दादाला नमस्कार. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.
तुझी
अस्मिता


पुणे, २ जुलै २०१७

चि. सौ. अस्मिता हीस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

लोक परदेशातून काय काय जमवतात, आणि तू फुटक्या बाटल्या! आमच्या गल्लीतला भंगारवाला तुला आनंदाने भागीदार करून घेईल. अक्षराचं म्हणशील तर मन मोठं झालं की अक्षर मोठं होतं.

इकडे ठीक. तुझा दादा निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरात असतो आणि माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करतो. परवा बरण्याच बदलून टाकल्या. मीठ काचेच्या चौकोनीत, साखर स्टीलच्या गोल डब्यात. आदल्या दिवशी आमटीत साखरेच्या जागी मूठभर मीठ पडलं होतं, ती त्याने मुकाट्याने खाल्ली. भरतकाम सोडलं. कंटाळा आला. पेपरही वाचत नाही, त्यात रोज तेच ते.

मात्र तुझे ते रंग मनातून जाईनात. लहानपणी विटी लागून उजवा डोळा गेला तेव्हापासून माझ्या डाव्याने दोघांचं काम केलंय. तुझ्या वेणीतली ऊ मला अंगणातून दिसायची, विसरलीस? तेव्हा नुसतं वर्णन नको. एखादा तुकडा पाठव. मला तो मोरपिशी बघायचाय, आणि लवकर बघायचाय.

भार्गवीला पापा. माया आहे तेवढी पुरवून वापर, आणखी हवी तर मागून घे.
तुझी
वहिनी


नास, ८ ऑक्टोबर २०१७

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

ऑफिसातला शैलेंद्र दिवाळीला पुण्यात येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि तुझी भेट. फेकायच्या ढिगातले तुकडे नोंद करून ऊनाने आम्हाला वाटले, तेव्हा मी हा मागून घेतला. देशाबाहेर पाठवायचंही रीतसर विचारलं. तिने विचारलं कुणासाठी. मी सांगितलं, माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका मुलीने मला वाढवलं, तिच्यासाठी. ऊनाने आपला रुमाल काढून त्यात तुकडा गुंडाळून दिला.

बुडाचा आहे, बेंबीसकट. आजवर माझ्या हाती लागलेला सगळ्यात सुंदर. सकाळच्या उजेडात धर आणि हळूहळू फिरव. आधी जांभळा दिसेल, मग मोरपिशी, मग कडेला हळद सांडल्यासारखा.

तू कागद उधळतेस म्हणून मी मुद्दाम मुंगीच्या पायांएवढं अक्षर काढलंय, बघ, सगळं एका पानात मावलं. एक विचारायचं राहिलं, करंजीच्या सारणात खसखस किती घालायची? मागच्या वर्षी माझ्या करंज्या वाळूसारख्या कचकचल्या. आणि मुख्य म्हणजे तुकडा धुऊ नकोस, पुसूसुद्धा नकोस. पापुद्रा नखानेही निघतो.

दिवाळीचा फराळ माझ्या वाटचा दादाला. लोभाचा डबा मात्र माझ्याच नावाचा ठेव.
तुझी
अस्मिता


पुणे, २४ ऑक्टोबर २०१७

चि. सौ. अस्मिता हीस,
अनेक आशीर्वाद.

शैलेंद्र येऊन गेला. गुणी मुलगा, चकल्या आवडीने खाल्ल्या. तुझा तुकडा मिळाला. पण काय गं, असा मळका का पाठवलास? वरून नुसतं राखेसारखं काहीतरी बसलेलं. दिवाळीची भांडी घासायला काढलीच होती. समईबरोबर त्यालाही चिंच-मीठ लावलं, वर रांगोळीची बारीक पूड घेतली आणि दोन्ही हातांनी घासला. पुष्कळ साल निघाली. आता कसा गुळगुळीत लागतोय हाताला! लक्ष्मीपूजनाला देवाजवळ ठेवला होता.

रंग म्हणत होतीस ते काही आढळले नाहीत. त्या धुक्यात बसून तुला भास होत असणार. तरी पण तुझी भेट मला फार आवडली. बेंबीत बोट घालून बघते अधूनमधून, मजा वाटते.

पत्र तुझं नेहमीसारखं छान. बाकी सर्व क्षेम. जपून राहा, आणि या म्हातारीवरची माया उतू जाऊ देऊ नकोस.
तुझी
वहिनी


नास, ५ नोव्हेंबर २०१७

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसले. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दोनशे वर्षं मातीने जपलेलं तू समईबरोबर घासून टाकलंस. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि राग कुठल्या कुठे गेला. वर जाऊन तुझी आधीची पत्रं काढली.

वहिनी, तुला दिसत नाहीये. माझ्या वेणीतली ऊ अंगणातून बघणाऱ्या बाईला हातातलं मोरपीस राखेसारखं दिसलं. धुऊ नकोस म्हणून लिहिलं होतं, ते तू वाचलंच नाहीस. खसखस विचारली होती, त्याचं उत्तर नाही. मी चेष्टेने अक्षर बारीक काढलं आणि तू मला कळू न देता पत्र छान म्हणून मोकळी झालीस. भरतकामाचा कंटाळा, पेपरात तेच ते, आमटीतलं मीठ. मी किती हसले होते त्या मिठाला.

किती दिवस लपवते आहेस? दादाला माहीत आहे का? मोतीबिंदू असेल तर आज ऑपरेशन सोपं आहे, सगळे सांगतात. तुझा डोळा एकच आहे हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच सांगते, थांबू नकोस. मला तुझा फार राग आला आहे आणि तुझ्याशिवाय मला कुणी नाही, दोन्ही एकाच वेळी. तू दादाला सांग, नाहीतर मी सांगेन.

हे पत्र मुद्दाम जाड पेनाने, एका ओळीत चार शब्द असं लिहिलंय. लोभाबिभाचं नंतर बघू, आधी डोळे दाखव.
तुझी
अस्मिता


पुणे, १० डिसेंबर २०१७

चि. सौ. अस्मिता हीस,
आशीर्वाद.

ओळी चढावर गेल्या असतील, समजून घे. तू ओरडलीस ते बरं केलंस. लहानपणी मी तुला ओरडायचे, फिटंफाट झाली.

दोन वर्षं झाली. आधी धुरकट, मग चंद्राभोवती खळं, आता माणसं आवाजावरून ओळखते. सोपं ऑपरेशन असतं हे मलाही सगळे सांगतात, पण त्या सगळ्यांना दुसरा डोळा असतो. माझं काही बिघडलं तर अंधार. स्वयंपाकघर मला पाठ आहे, देवाच्या आरत्या पाठ आहेत, जिना पाठ आहे. तुझं पत्र पाठ कसं असणार? ते दर वेळी नवीन असतं. म्हणून जेवढं धूसर दिसतंय तेवढं धरून बसले होते. आणि तुला सांगितलं असतं तर तू पहिलं विमान पकडलं असतंस.

तुझ्या दादाला सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत आहे, बरण्या उगीच नाही बदलल्या. हाताला आकार कळावा म्हणून मीठ चौकोनीत आणि साखर गोलात. मी त्याला लुडबुड्या म्हणत होते. 

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबलात तर अवघड होईल. एकच डोळा असल्याने जपून करू, पण खात्री कुणी देत नसतं. मी हो म्हटलं. फेब्रुवारीत करायचं. तू यायचं नाहीस. तू दिसलीस की मी रडणार, आणि रडायला बंदी आहे. दिसतंय की नाही ते फोनवर कुणीही सांगायचं नाही, दादानेही नाही. दिसलं तर मी स्वतः लिहीन. पत्र आलं नाही, तर ओळख.

तुझे रंग मी घासून काढले, ते फार लागलंय गं. मला ठेवून घे आपली, जशी आहे तशी.
तुझी
वहिनी


नास, ३ मार्च २०१८

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं, एवढं दादाने फोनवर सांगितलं. पुढे काही विचारलं की तो हवामानावर येतो. बँकेतला माणूस, आवाजावरून काही कळू देत नाही. तुझी शिस्त त्याने भलतीच पाळली आहे.

इथे बर्फाने सगळं बंद आहे. दुकानातले पाव संपले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी आज कालव्यापर्यंत चालत गेले. कुरण पांढरं, आभाळ पांढरं, मध्ये रेघच नव्हती. कुठे खणलं होतं तेही दिसेना. क्षणभर वाटलं, तुला जग असंच दिसत असेल का, आणि मला तिथे एकटीने उभं राहवेना. घरी येताना टपालपेटीच्या झाकणावरचा बर्फ हाताने काढला. टपालवाला चार दिवसांत फिरकलेला नाही हे माहीत होतं, तरीही.

घासलेल्या काचेचं मनाला लावून घेऊ नकोस. ऊनाला सांगितलं तर ती हसून म्हणाली, दर वर्षी तिच्याकडे कुणीतरी हौशी माणूस दात घासायच्या ब्रशने हेच करतो. हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार, तूच की दादा, ते मला माहीत नाही. दोघांपैकी जो कुणी वाचेल त्याला सांगते, मला वहिनी हवी आहे, दिसत असो वा नसो.

उत्तराची वाट बघते. लोभ इकडे गोठलेला नाही.
तुझी
अस्मिता


पुणे, गुढीपाडवा, १८ मार्च २०१८

चि. सौ. अस्मिता हीस,
वहिनीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

अक्षर बघितलंस? एका ओळीत अकरा शब्द. आता कडेलाही लिहिणार आहे.

पट्टी सुटली तेव्हा पहिल्यांदा तुझ्या दादाचे कान दिसले. केवढे केस वाढलेत त्यांवर, कुणी सांगितलं नाही मला! हसू आलं आणि मग रडू, ते डॉक्टरीणबाईंनी लगेच टिपून घेतलं. महिनाभर थेंब, काळा चष्मा आणि वाकायला बंदी. आज पहिल्यांदा लिहायची परवानगी मिळाली. त्याआधी तुझी सगळी जुनी पत्रं काढून वाचली, हळूहळू, चाखत. तुझं मुंगीच्या पायांचंही वाचलं. सारणात खसखस मूठभर, मंद भाजून, कुटून. तशीच घातलीस म्हणून कचकचली.

सकाळी गुढी उभारली आणि तुझा तुकडा खिडकीत उन्हाला धरला. साधा हिरवा. रंगाचं नावही नाही, आणि माझ्या रांगोळीचे ओरखडे मात्र स्वच्छ दिसले. दिसायला लागल्यावर आधी स्वतःचीच करणी दिसावी ना! खूप वाईट वाटलं. ठेवून देणार होते, तेवढ्यात तो हातात उलटा झाला.

अस्मे, बेंबीत रंग आहेत. तिथे माझं बोट पुरतं पोचलं नव्हतं, चिंचही नाही. तळाशी टिकलीएवढी जागा राहिली आहे. आधी जांभळा, मग मोरपिशी, आणि कडेला हळद, तू सांगितलंस त्याच क्रमाने. दादाला हाक मारून दाखवले. त्याने चष्मा लावला, काढला, परत लावला आणि म्हणाला, असू दे, तुझ्या हातून एवढं तरी वाचलं.

बाई म्हणाल्या, मे महिन्यात विमानात बसायला हरकत नाही. दादा तिकिटं बघतोय. तोवर तिकडच्या तुकड्यांना जपून ठेव. मी आले की त्या कुरणात तुझ्या शेजारी उकिडवी बसणार आहे, आणि हात पाठीमागे बांधून नुसतं बघणार आहे.

लोभ होता तसाच आहे. आता तो मला दिसतोही.
तुझी
वहिनी