लांबू मातीत गेला

५ जानेवारी, सकाळ.
नातीनं पाळलेला लांबू, त्याच्या मातीच्या पेटीसकट, आजपासून माझ्याकडे! वीतभर लांब, बोटाएवढा जाड काळा किडा, खाली पायांची नुसती झालर. मुलाचं नि सुनेचं वेगळं झालं, आणि सुनेच्या नव्या घरमालकाला असलं काही चालत नाही. माझ्या पथ्यावरच पडलं. लांबू इथं, म्हणजे नात येणारच. सून म्हणाली, "आई, कात टाकायला तो मातीत जातो. तेव्हा उकरायचं नाही हं, मरतो." मी पोरं वाढवलीत म्हटलं, मला शिकवते!

९ जानेवारी.
काकडी सालासकट खातो. माझ्या मुलानं जन्मात खाल्ली नाही. फोनवर नात म्हणते, "आजी, तू तर त्याला घाबरायचीस!" मी? कधी? लांबून बघायचे, ते वेगळं.

१८ जानेवारी, संध्याकाळ.
लांबू मातीत गेला. काकडी तशीच. रुसला असणार. रुसलेल्याला एकटं सोडू नये. सून रुसली तेव्हा सगळे म्हणाले, सोडा, येईल आपोआप. आली का?

१९ जानेवारी.
उकरलं नाही. चमच्यानं माती जराशी बाजूला केली, एवढंच. गोल वळून झोपलाय. परत पांघरूण घातलं.

२१ जानेवारी.
पुन्हा बघितलं, अगदी शेवटचं. पांढरा पडलाय, मऊ लागतो. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला. बाहेर काढून फडक्यावर ठेवला, दुपारभर ऊन दाखवलं. मग परत झोपवला. आता बरं वाटेल.

२४ जानेवारी.
शेजारीण म्हणते, "आजी, कसला हो वास?" तिला कशाचाही येतो. वर ताजी माती घातली. आता नाही येत.

२८ जानेवारी, रविवार.
नात आली!! सून खाली गाडीतच थांबली, असू दे. पोरीनं आल्या आल्या पेटीचं झाकण काढलं. माझा जीव टांगणीला. पण मातीला बोटसुद्धा लावेना.
"तू उकरलं नाहीस ना, आजी?"
"छे गं!"
"शहाणी माझी आजी ती." गळ्यात पडली. केसांना नवाच कसला तरी शाम्पू. खालून हॉर्न वाजला. दारातून म्हणाली, "तो वर आला की फोन कर. मी लगेच येते."

२९ जानेवारी.
पाणी शिंपडलं. काकडी ठेवली.
चमचा शेजारणीला देऊन टाकला. आता काही झालं तरी उकरायचं नाही.