काचवाला काय म्हणत होता

३ मार्च
उतरलं! सुपरमार्केटच्या दारात, फुकटच्या वायफायवर, दोन तास उभा होतो. पहारेकरी तीनदा हटकून गेला. पण भाषांतराचं नवं अ‍ॅप आता फोनमध्ये आहे — नेट नसलं तरी चालतं. समोरचा त्याच्या भाषेत बोलतो, मला मराठी ऐकू येतं. मी बोललो की त्याला त्याची भाषा. अख्खी भाषा, आणि जागा एका लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी. कसं करतात, डोकंच चालत नाही. सातवीत शाळा सोडली नसती तर मी हेच काम केलं असतं.

४ मार्च
पहिला प्रयोग खोलीतल्या काचवाल्यावर. तो कारखान्यात खिडक्यांच्या काचा कापतो, मी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी. इथे परदेशात दोन वर्षं एक खोली, दोन खाटा, आणि एकमेकांची भाषा शून्य. रोज संध्याकाळी तो कांदा चिरत बडबडतो, मी फोन बघत "हं हं" करत मान हलवतो. आज फोन मध्ये ठेवला. बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात आलं — "कृपया आपले पायमोजे खिडकीत वाळत घालू नयेत. ही विनंती मी पूर्वीही केली आहे."
हसून हसून पोट दुखलं. दोघांचंही.

७ मार्च
दाजींना फोनवर सांगितलं. म्हणाले, "फोन तुझ्यापेक्षा जास्त शिकला की रे. आता बहिणीशीही त्यालाच बोलायला लाव."
हसू देत. दर महिन्याला जग बदलतंय आणि मी इथे चौकटीला भोकं पाडतोय. एक तारखेपासून मोबाइलच्या दुकानात जागा पक्की — गिऱ्हाइकांना नवं सॉफ्टवेअर शिकवायचं. दुकानदाराला हे अ‍ॅप चालवून दाखवलं, तिथल्या तिथे हो म्हणाला. पाय जमिनीवर ठरत नाहीत.

९ मार्च
जेवताना काचवाला म्हणाला, फोनमधून — "तिकीट काढलं. तीस तारखेचं. मुलगी बाळंत होणार आहे. तुझे उपकार विसरणार नाही."
कसले उपकार?
म्हणे, बदली माणूस दिल्याशिवाय मालक सोडत नाही. काचेच्या टेबलावर तू बसशील का, असं थंडीत तुला तीनदा विचारलं. तीनदा तू हो म्हणालास. मालकाला तुझं नाव दिलंय. करार तीन वर्षांचा.
मी मान हलवली. सवयीने.

१० मार्च
दोन चौकटी आखूड कापल्या. फोरमनने खरडपट्टी काढली.
तीन वर्षं! तोवर हे अ‍ॅप जुनं होऊन कुणी फुकटही घेणार नाही. नाही म्हणायचं. पण मग तो अडकला. मुलीच्या लग्नालाही त्याला जाता आलं नव्हतं, असं परवाच सांगत होता.
न्हाणीघरात दार लावून फोनला नकार सांगितला. त्याच्या भाषेत गेला, परत मराठीत फिरवून घेतला. बरोबर. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

१२ मार्च
सांगितलं.
त्याने ऐकलं. फोन कानाला लावून पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, "यंत्र चुकलं असेल. नवीन आहे. तू परत बोल."
आठवडाभर मी कारखानाभर सांगत फिरलो — हे चुकत नाही. फोरमनशी पैज लावली. "हो, चुकलं" एवढं म्हणायला किती वेळ लागतो?
परत तेच बोललो. सावकाश, सुटं सुटं.
त्याने कांदा चिरायला घेतला. फोनच्या पडद्यावर नुसतं येत राहिलं — ऐकत आहे, ऐकत आहे.

१५ मार्च
आता कांदा एकटाच चिरतो. फोन मध्ये ठेवला की उठून गॅलरीत जातो. तिकीट रद्द केलं म्हणे. फोरमनने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. ते यंत्राशिवाय कळलं.

१ एप्रिल
दुकानात पहिला दिवस. राहायची सोय मागच्याच खोलीत. अकरा जणांना अ‍ॅप दाखवलं. एक म्हातारी टाळ्या वाजवत होती.

६ एप्रिल
काचवाल्याचा मेसेज. घरून त्याला आलेला फोटो पुढे पाठवलाय — इवलंसं बाळ, डोळे मिटलेले. फोटोखाली त्याच्या भाषेत चार ओळी. शेजारी बटण — 'भाषांतर करा'.
दाबलं नाही.