आलेल्या टपालाला उत्तर

३ मार्च, सकाळी १०.४०
नेमक्या या वेळी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझा ईमेल पत्ता वेबसाइटवर ठळक अक्षरांत टाकला. मी रहिवाशांच्या तक्रारी ऐकायचं कबूल केलं होतं, चव्हाट्यावर बसायचं नाही.

४ मार्च
सव्वीस मेल. टक्कल घालवणारं तेल, एक परदेशी राजपुत्र, एक विधुर इंजिनिअर. सेक्रेटरी म्हणाले, ताई, दुर्लक्ष करा. नोकरीभर मी ऑफिसचं आवक-जावक टपाल सांभाळलं. त्याआधी कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरनी शिकवलं, आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारातल्या माणसाच्या तोंडावर दार आपटणं. प्रत्येकाला सभ्य समज देणार. आठवड्यात गप्प होतील.
धाकट्या बहिणीचा मेल नाही. आईच्या शिलाई मशीनवरून बिनसलं, त्याला वर्ष झालं. आधी तिने लिहायचं. मोठी मी आहे.

९ मार्च
समज दिल्याचा परिणाम दिसतोय. आज दोनशे. सेक्रेटरी म्हणतात, "ताई, उत्तर दिलं की त्यांना कळतं, घरात माणूस आहे." आहेच. आणि शिकलेलं आहे.

१२ मार्च
विधुर इंजिनिअर मात्र अपवाद. माझ्या गुडघ्याची चौकशी केली. धाकटीने कधी केली नव्हती.

१४ मार्च
बिचाऱ्याची बॅग कस्टम्सने अडवली. मदत मागत होता. मी अर्जाचा पक्का मसुदा करून पाठवला, सोबत कोणती कागदपत्रं जोडायची तेही. तेव्हापासून गप्प. आभाराची एक ओळ नाही.

१६ मार्च
आज नीचपणाची हद्द. अनोळखी पत्ता, खाली नाव नाही. "ताई, शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. एकटीच आहे, भीती वाटते. येशील?" सेक्रेटरींच्या कृपेने हल्ली जो तो मला ताई म्हणतो. कळवलं: असल्या रडगाण्यांना मी भुलत नाही. माझी सख्खी बहीण इतकं गोड कधीच लिहीत नाही. पुन्हा लिहू नये.
छान जमलं. दोनदा वाचलं.
धाकटीचा मेल नाहीच.

२० मार्च, शुक्रवार, सकाळी ८
धाकटीच्या शेजारीणबाईंचा फोन. ऑपरेशनच्या सहीला घरचं कोणी हवंय, आणि तुम्ही येणार नाही म्हणे. तसं लेखी कळवलंत म्हणे.
रिक्षा मिळेना.

त्याच दिवशी, दुपार, हॉस्पिटल
पोचले तोवर सही शेजारीणबाईंनी केली होती. धाकटीच्या एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्याने माझ्याकडे बघत म्हणाली, "उत्तर वाचलं आणि खात्री पटली, पत्ता बरोबर आहे." वर हसली. डॉक्टरांनी हसायला मनाई केली आहे.
जुन्या पत्त्याचा पासवर्ड विसरली, म्हणून नवा काढला. तेही मलाच माहीत असायला हवं होतं काय? सगळा दोष सेक्रेटरींचा.
पंधरा दिवस मी तिच्याकडे राहावं की नाही, याचं उत्तर तिने रविवारी संध्याकाळी सहाच्या आत द्यावं. लेखीच. तिला लिहायला मनाई आहे, तेव्हा मजकूर मी लिहिला आहे. तिने फक्त सही करावी.