मनगटाचं ठिगळ

ताई,

पाया पडते, इथून पलंगावरूनच.

ऑपरेशन नीट झालं. जिभेचा खराब भाग काढून तिथे माझ्याच डाव्या मनगटाची कातडी शिवली आहे. टाके इतके बारीक, की या डॉक्टरांना आपल्या दुकानात काज करायला बसवावं.

ठिगळ जिवंत आहे का, ते बघायला नर्स त्यात सुई टोचते. लालभडक रक्त आलं की हसते. काल काळसर आलं, तेव्हा हसली नाही. डॉक्टरांनी धावत येऊन दोन टाके सैल केले. आज पुन्हा लाल आहे, तू काळजी करू नकोस.

मघाशी नर्सच्या कोटाचं तुटलेलं बटण लावायला घेतलं आणि सवयीने दोरा जिभेवर ओला केला. दोरा जाणवलाच नाही गं. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं निम्मंच सांग.

बोलू देतील त्या दिवशी पहिला फोन तुला. मी काय म्हणाले ते कळलं नाही, तर माझं मन राखायला 'हो हो' करू नकोस. 'काय म्हणालीस?' असं दहादा विचार.

तुझी धाकटी